ढकलासाहेबांचा टेप

गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर कंपनीनं ठेवलं त्याहून बोटभरसुद्धा वाढवायचं नाही, असा नियम. तपासणी केंद्रात तो राबवणाऱ्या साहेबांना सगळे ढकलासाहेब म्हणत. कारण गाडी जॅकवर उचलून अलगद खाली ठेवली, की चाकं थोडा वेळ आत ओढलेली राहतात आणि टेपवर अंतर कमी भरतं. ही लबाडी साहेबांनी पकडली, तेव्हापासून प्रत्येक गाडी भिंतीपर्यंत ढकलून परत आणल्याशिवाय ते टेपला हात लावत नसत. रुंद चाकांची हौस असलेले भलेभले त्यांच्यापुढं गार पडले होते. आपल्याला कुणाची भीडमुर्वत नाही, हे ते येताजाता ऐकवत.

त्या दिवशी रांगेत पहिली उभी होती त्यांच्याच जावयाची गाडी. चाकं अशी बाहेर आलेली, की ती कमरेवर हात ठेवून भांडायला आलीय असं वाटावं. घरून निघताना बायकोनं बजावलं होतं, की गाडी नापास झाली तर लेक माहेरी पाऊल टाकणार नाही, आणि मग चहा तुमचा तुम्हीच करून घ्या. चहाचं साहेबांना फारसं वाटलं नाही. लेकीचं मात्र वाटलं.

आवाज खाली आणून ते म्हणाले, “जावईबापू, चाकं जरा हलतायत वाटतं. जॅकवर घेऊन बघा.”

गाडी आधी पुढून वर गेली, मग मागून, आणि अलगद खाली आली. साहेबांनी घाईघाईनं टेप लावला, शिक्का मारला. ‘ढकला’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. “सासरे आहेत आमचे,” असं मागच्या टॅक्सीवाल्याला कौतुकानं सांगून जावई निघाला. फाटकातल्या उंचवट्यावर आदळताच चाकं पुन्हा ऐसपैस फाकून बसली.

साहेबांनी कपाळ पुसलं आणि पुढची गाडी बोलावली.

ती टॅक्सीवाल्याची. टायरवाल्यानं भलतीच चाकं गळ्यात मारलेली, आणि बोटभर जास्त भरतं म्हणून साहेबांनी त्याला कितीदा तरी परत पाठवलेलं. तेवढे दिवस बिचाऱ्याचा धंदा बसला होता. तो उतरला, पण गाडी ढकलायला लागला नाही. त्यानं डिकी उघडून जॅक काढला आणि साहेबांच्या पायाशी ठेवला.

“साहेब,” तो अदबीनं म्हणाला, “आजच्या दिवस मलाही जावई समजा.”

मागं रांगेत एकेक डिकी उघडल्याचा आवाज येऊ लागला.