बाझेलची शुक्रवारची गाडी

जूनपासून मी दर शुक्रवारी कार्ल्सरूहहून बाझेलला बायको व्हायला जात होते.

श्रीधर आणि मी वेगळे होऊन अकरा महिने झाले होते. तो सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, मी इकडे जर्मनीत. पुण्याहून त्याची आई तीन महिन्यांसाठी आली आणि तिचं ब्लडप्रेशर पुढे करून त्यानं गळ घातली, "ती परत जाईपर्यंत काही बोलू नकोस. तू नोकरीसाठी तिकडे राहतेस, एवढंच." मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही जोर लागतो. मग शुक्रवारी ऑफिस सुटलं की ऱ्हाइनच्या खोऱ्यातली ती रेल्वेलाइन, फ्रायबुर्ग गेलं की पर्समधलं मंगळसूत्र गळ्यात, आणि बाझेलला पोचल्यावर "आई, चहा टाकू का?" रविवारी सगळं उलट. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

ऑगस्टमध्ये रास्टाटजवळ नव्या बोगद्याच्या कामावर रूळ खचले आणि लाइन बंद पडली. हॉलंडपासून इटलीपर्यंतच्या मालगाड्या अडकल्या, पेपरात रोज ओरड. मला मात्र आयतं कारण मिळालं. लाइन सुरू होईपर्यंत येणार नाही, असं मी कळवून टाकलं. मधल्या तुकड्यात एर्झात्झबस, म्हणजे रेल्वेऐवजी सोडलेली बस, धावत होती, हे श्रीधरलाही ठाऊक होतं.

गौरींच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"आई निघालीये. एकटी."

"अरे, मध्ये बस पकडायची आहे!"

"सांगितलं. म्हणाली, बसमध्ये चढता येतं मला. तर, तू स्टेशनवर जा. आणि तिला काही कळू देऊ नकोस, प्लीज."

खाली दाराच्या बेलवर माझं माहेरचं आडनाव होतं. त्यावर श्रीधरचं आडनाव लिहिलेला कागद चिकटवला आणि स्टेशन गाठलं.

आई गाडीतून उतरल्या त्या ताज्यातवान्या. सत्तरी उलटलेली, पण तीस वर्षं शाळेत पोरं हाकलेली बाई. "काय अवघड आहे गं त्यात? गाडी, बस, गाडी," म्हणाल्या. मी बॅग घेतली.

दाराशी बेलवरच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता. आईंनी तो अंगठ्यानं नीट दाबला आणि जिना चढू लागल्या.

वर आल्यावर त्यांनी माझ्याकडून स्टीलचा डबा मागून घेतला, त्यात तांदूळ भरले, आणि बॅगेतून जुन्या पैठणीत गुंडाळलेला गौरीचा मुखवटा काढून त्यावर बसवला. एकच. मी दुसऱ्याची वाट पाहत राहिले. त्यांच्या घरात ज्येष्ठा आणि कनिष्ठा जोडीनंच बसतात. एकटी गौर मी कधी पाहिली नव्हती.

"दुसरी?"

"श्रीधरकडे. सकाळी मीच वेगळ्या केल्या." त्या पैठणीची घडी घालत होत्या.

"कधी कळलं तुम्हाला?"

"जूनमध्येच. पण तू येत होतीस ना दर शुक्रवारी. मला बरं वाटायचं, म्हणून गप्प बसले. चुकलंच माझं."

मला रडू यायला हवं होतं. ते त्यांना आलं. मी शेजारी बसून गौरीला हळदकुंकू लावलं.

"आई, लाइन सुरू झाली तरी मी आता येणार नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी आले."