बिनपरीक्षेचा जपानी टॉर्च

मित्रांनो, मी एक जुना टॉर्च आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुणावरही पटकन विश्वास ठेवत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसला आहात की माझ्यातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालायला, हे मला कुठं ठाऊक? असं पूर्वी झालेलं आहे.

संशय हा माझा स्वभावच. दिवसभर अंधाऱ्या कोपऱ्यांत डोकावायचं, पलंगाखाली काय आहे ते बघायचं, हे ज्याचं काम, तो भोळा राहील कसा? त्यातून माझा जन्मच संशयास्पद. टॉर्चला काच सगळ्यात शेवटी बसवतात. त्यामुळे कारखाना कुठला, माणसं कुठली, भाषा कुठली, हे मी काहीच पाहिलं नाही. काच बसली आणि डोळा उघडला, तेव्हा पहिलं दिसलं ते टेबलावर पडलेलं लेबलांचं भेंडोळं. त्यात निरनिराळ्या देशांची नावं होती. एका हातानं त्यातलं जपानचं लेबल उचललं आणि माझ्या अंगावर दाबलं. माझ्या मागच्याला काय चिकटलं, ते बघायला मिळालं नाही.

पुढं सिंगापूरच्या एका दुकानात श्रीहरी नावाच्या तरुणानं मला विकत घेतलं. त्याची पहिली नोकरी, पहिला पगार. वडिलांसाठी काहीतरी चांगलं न्यायचं होतं. माझं लेबल वाचून त्याचा चेहरा इतका खुलला, की मी मनात म्हटलं, लेका, आत उघडून तरी बघ. पण आम्हाला तोंड असतं तर आणखी काय हवं होतं!

अशा रीतीनं मी चेन्नईला, तिरुवल्लिकेणीतल्या एका चिंचोळ्या गल्लीत आलो. घर शेषगिरीरावांचं. ते विमा कचेरीतून निवृत्त झालेले, आणि पत्नी गोदाबाई. दोघंही मूळ तंजावरकडची. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळ घुसणारी, आणि ऐकायला मोठी गोड. शेषगिरीरावांनी मला दोन्ही हातांत धरलं, लेबल वाचलं आणि म्हणाले, "जपान म्हणजे जपान!" त्याच संध्याकाळी ते मला आजूबाजूच्या चार घरांत लावून दाखवून आले. मग त्यांनी मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि लोखंडी कपाटात ठेवून दिलं. झालं, संपला माझा संसार.

कपाटात मी एकटा नव्हतो. नातेवाईक परदेशांतून येताना टॉर्चच आणत, कारण शेषगिरीरावांना दुसरी कसली हौस नव्हती. ऐप्पशी हा तमिळ महिना, म्हणजे आपला आश्विन-कार्तिक, लागला, की मोठ्या पावसाच्या आधी आमची परीक्षा व्हायची. शेषगिरीराव कोठीच्या खोलीत शिरायचे, दार लावून घ्यायचे आणि एकेकाचा उजेड भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकायचे. बारीक अक्षर वाचता आलं तर पास.

अमेरिकेचा टॉर्च भला दांडगा. उजेड झकास, पण सेल इतके खायचा की शेषगिरीराव म्हणत, "ह्याला पोसण्यापेक्षां पाहुणा पोसावा." जर्मनीचा नेटका, पण त्याला लागणारे सेल गल्लीत कुठंच मिळायचे नाहीत, म्हणजे असून नसल्यासारखाच. आपल्याकडचा पत्र्याचा टॉर्च स्वस्त. त्याचं बटण अडकायचं आणि थोबाडीत मारल्याशिवाय तो लागायचा नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात तो दुरुस्त व्हायचा. चीनचा प्लास्टिकचा, चार्जिंगचा. दोन पावसाळे त्यानं सगळ्यांना मागं टाकलं आणि मग एकाएकी मान टाकली. शेषगिरीराव त्याच्याकडे बघून जे नाक मुरडायचे, ते बघून मला माझ्या पोटातली स्प्रिंग आवळल्यासारखी वाटायची.

आणि मी? माझी परीक्षा कधी झालीच नाही. सगळ्यांचं आटोपलं की ते मला फडक्यातून काढायचे, उंच धरायचे, "जपान म्हणजे जपान" म्हणायचे आणि परत ठेवून द्यायचे. परीक्षा न देता पहिला नंबर! दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मला मात्र तेव्हापासूनच स्वतःची शंका यायला लागली.

ती शंका, मी आलो त्याच वर्षी, दीपावळीच्या आधी खरी ठरली. गोदाबाई नवी भांडी घ्यायला निघाल्या होत्या. आभाळ भरून आलेलं, वीज जायची चिन्हं. त्यांनी नवऱ्याच्या नकळत मला पिशवीत टाकलं. दुकानाच्या दारात भांड्यांवर नावं कोरणारा बसला होता. ताटं, डबे, पळ्या, सगळ्यांवर तमिळ अक्षरांत ‘गोदा’ असं उमटलं. कारण घराबाहेर गेलेली वस्तू नावाशिवाय परत येत नाही, असा गोदाबाईंचा पक्का अनुभव. मग त्यांनी मला बाहेर काढलं. अंगावर ओरखडा पडला तर घरात रामायण होईल, म्हणून त्या म्हणाल्या, आत कुठंतरी घाला. त्या माणसानं माझं डोकं फिरवून काढलं, बल्ब बसतो ती गोल पितळी चकती उचलली आणि तिच्या पाठीवर नाव कोरलं.

चकती परत बसवताना गोदाबाईंना तिची पुढची बाजू दिसली. तिथं बारीक अक्षरांत ठसा होता, चीनचा. मग त्यांनी मला घट्ट बंद करून घेतलं, घरी आणलं, फडक्यात गुंडाळलं आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. पोरानं पहिल्या पगारात आणलेली वस्तू. नवऱ्यानं चार घरांत मिरवलेली. काय म्हणून बोलतील?

वर्षं गेली. वीस तर नक्कीच. इतक्यात वरच्या पोर्शनमध्ये, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात, पुष्कर नावाचा तरुण भाड्यानं राहायला आला. सांगलीचा, चेन्नईजवळच्या ओरगडमला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. आधी गल्लीतल्याच एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, खोलीत चौघं असा राहत होता. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन चेन्नईत करायचं ठरलं, तेव्हा आईला आणता येईल अशी जागा त्याला हवी होती. एकट्या मुलांना इथं कुणी घर देत नाही. शेषगिरीरावांनी एकच प्रश्न विचारला, "कुठला?" तो म्हणाला, "महाराष्ट्रातला." झालं! "असल मराठी!" म्हणून त्यांनी किल्ली काढून हातावर ठेवली. मला मात्र शंका आली. त्याच्या बोटांत सारखं काहीतरी उघडून बघायची खाज होती, आणि असली माणसं मला चालत नाहीत.

एका रविवारी दुपारी मोटर नुसतीच घरघरायला लागली, पाणी चढेना. अंगणाखालच्या टाकीत उतरून बघायला हवं होतं. पत्र्याचा टॉर्च लागेना, अमेरिकेच्या पोटात सेल फुटून चिकट झालेले. शेषगिरीराव जेवून झोपले होते. गोदाबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि नवे सेल घालून मला पुष्करच्या हातात दिलं.

मित्रांनो, काय सांगू, मी पहिल्यांदा कामाला लागलो! पुष्करनं मोटरच्या पाइपात अडकलेली चिंधी माझ्या उजेडात शोधून काढली. वर येताना त्याचा हात सुटला आणि मी पाण्यात पडलो. त्यानं मला लगेच काढलं, जिन्यात बसून डोकं उघडलं, आतलं पाणी पुसलं, गंजलेल्या कडा सँडपेपरनं घासल्या. मी तर धरूनच चाललो होतो, की हा आता माझी स्प्रिंग खिशात घालणार. पण त्यानं सगळं जागच्या जागी बसवलं.

आणि तिथंच घात झाला. कारण मी पूर्वीपेक्षा दुप्पट उजळलो.

संध्याकाळी पुष्करनंच प्रामाणिकपणे सांगितलं, "आजोबा, टॉर्च पाण्यात पडला होता. उघडून पुसलाय." शेषगिरीरावांनी मला लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. इतका उजेड? त्यांनी चष्मा घालून आयुष्यात पहिल्यांदा माझं डोकं उघडलं. घासलेल्या चकतीवर ठसा स्वच्छ दिसत होता.

"हा आमचा टॉर्च नव्हे," ते पुटपुटले. "बदलून टाकलं त्यानं."

अहो, मीच तो, असं मी किंचाळलो असतो. पण पुरावा कुठला? वीस वर्षं फडक्यात जपलेला मी. अंगावर ना ओरखडा, ना पोचा. मला वरून ओळखायला खूणच नव्हती, आणि चकती उलटून कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन जॉर्ज टाउनला एका टॉर्चच्या दुकानात गेले. दुकानदारानं ठसा बघितला, चुकचुकला आणि तमिळमध्ये म्हणाला, "डूप्लिकेट, सार. ओरिजिनल कुणीतरी लांबवला." लगेच त्यानं टेबलाखालून जर्मनीच्या नावाचा डबा काढला. त्यातल्या टॉर्चचं बटण आमच्या कपाटातल्या चिनी प्लास्टिकवाल्याच्या बटणासारखंच होतं, हुबेहूब, आणि लेबल तिरकं चिकटलेलं. शेषगिरीरावांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते काही न घेता उठले. एरवी भाजीवाल्याच्या तराजूवर संशय घेणारा माणूस, त्यानं ह्या लबाडाचं एका वाक्यात खरं मानलं!

संध्याकाळी पुष्कर कंपनीच्या बसमधून उतरला, तसं त्यांनी त्याला आत बोलावलं.

"महिना झाला की पोर्शन रिकामा कर."

"का आजोबा? आई पुढच्या आठवड्यात येतीय."

"आमचा टॉर्च कुठं आहे?"

"हा काय, तुमच्या हातात."

"हा चीनचा. आमचा जपानचा. विकलास की ठेवून घेतलास?"

पुष्करचा चेहरा पांढरा पडला. "मी चोरी केली म्हणताय? आजोबा, नुसतं घासलंय हो मी!"

"नवा होता तेव्हां नाही पडला तो उजेड घासून आला? चुम्मा, उगीच कांहीं सांगू नको. महाराष्ट्राचा म्हणून घर दिलं मीं."

चोर म्हणून ह्या घरातून बाहेर पडला, तर गल्लीत दुसरं कुणी त्याला दारात उभं करणार नव्हतं, आणि डोळ्यांनी अधू आईला घेऊन तो जाणार कुठं? गोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. बोला हो बाई, आता तरी बोला!

"अहो, मींच दिलं त्याला. तुम्ही निजला होतां," त्या म्हणाल्या.

"दिलंस तर दिलंस. पण बदललं त्यानं."

गोदाबाईंनी भिंतीवरच्या श्रीहरीच्या फोटोकडे एकदा बघितलं. मग पुढं येऊन मला नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं, डोकं फिरवलं, चकती उचलली आणि उलटी करून त्यांच्यासमोर धरली. तिच्या पाठीवर नाव होतं, गोदा.

शेषगिरीरावांनी ठसा बघितला, नाव बघितलं, पुन्हा ठसा बघितला. एकच चकती. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला बायको.

"हें केव्हां?"

"श्रीहरीनं आणलं त्याच दीपावळीला."

"तुला तेव्हांपासून माहीत? सांगितलं नाहीस?"

"काय सांगूं? तुम्ही इतके खूश. पोरालाही ठाऊक नव्हतं. पण तुमच्या खुशीपायीं ह्याला चोर ठरूं देणार नाहीं मीं."

शेषगिरीराव मटकन खुर्चीत बसले. म्हणाले, "चुकलों रे, पुष्कर. वाईट बोललों." पुष्कर डोळे पुसत जिना चढून वर गेला. नंतरचे दोन दिवस तो खाली फिरकलाच नाही.

तिसऱ्या दिवशी शेषगिरीरावांनी मला खिशात घातलं. मला वाटलं, संपलं, आता भंगारात. पण ते गेले भांड्यांच्या दुकानाशी. त्यांनी नखानं माझं जपानचं लेबल खरवडून काढलं आणि नावं कोरणाऱ्याला सांगितलं, "इथं लिही, दोन्ही पोर्शनचा." यंत्र अंगावरून फिरताना मला गुदगुल्या झाल्या. मग ते धापा टाकत जिना चढले आणि मला पुष्करच्या हातात देऊन म्हणाले, "आई येणार. जिन्यांत अंधार असतो. वरच ठेव." पुष्करनं कोरलेलं वाचलं आणि वाकून नमस्कार केला. मग मात्र म्हातारा रडला.

आता मी जिन्यातल्या खिळ्याला टांगलेला असतो. पुष्करची आई आली, तिनं पहिल्याच दिवशी मला पायऱ्यांवरून पाडलं. मोठा पोचा पडला. बिचारी घाबरून उभी राहिली. शेषगिरीराव धावत आले, मला उचललं, पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरं झालं. आतां ओळखूं येईल."

मित्रांनो, आमचं लेबल वाचायचं तर वाचा, पण आधी बटण दाबून बघा. उजेड किती, सेल कुठले, बिघडलं तर दुरुस्त कुठं होईल, हे विचारा. आम्हाला फडक्यात पुरू नका; वापरा, पुसा, पडलो तर उचला. आणि माणसाला चोर म्हणण्याआधी चकती उलटून बघा. एवढं केलंत तर मी तुमच्यावर थोडासा विश्वास ठेवीन. आता माझे सेल तेवढे जागेवर ठेवा. मी मोजून बसलो होतो.