पडद्याआडचा हात

उमापूरच्या देशमुखांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कावीळबाबा आला होता! तीर्थ चोळून चुन्याच्या निवळीनं हात धुतला की अंगातली कावीळ पिवळीजर्द होऊन परातीत उतरते, असा त्याचा लौकिक. तो पाहायला अर्धं गाव कामधंदा टाकून माना उंचावून उभं होतं. एवढी माणसं रानात उतरली असती तर तण औषधालाही उरलं नसतं.

दुखणं धाकट्या सुनेचं, सत्यभामेचं. सात वर्षांपूर्वी तिच्या पित्ताच्या नळीत खडे अडकले, तेव्हा हैदराबादच्या मडम डॉक्टरनं पोट उघडून ती नळी आतड्याला जोडली होती. घरी पाठवताना तिनं बजावलं होतं, "बरी झालीस, पण हा जोड जन्मभर सांभाळायचा. आतड्यातली घाण वर चढून तिथं सूज येत राहते. एखादीला बऱ्याच वर्षांनी त्याच जागी कर्करोगाची गाठ धरते. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, की घरी बसू नका."

थोरली जाऊ छबुबाई तेव्हा सोबत होती. तिला शब्द न् शब्द आठवत होता. सत्यभामेचा नवरा मोहनराव मात्र सोयीनं विसरला होता.

"जालन्याला जाऊन आगगाडी धरायची, पुन्ना पोट फाडायचं, कावून?" तो म्हणे. "बाबा दारात येतो की!"

बाबा गेल्या दोन अमावास्यांना येऊन गेला होता. दोन्ही वेळा परात पिवळी झाली, आणि सत्यभामा त्याहून पिवळी.

देशमुखांच्या बायका घोशात. परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून माजघराच्या दाराला जाड पडदा, आणि आजारी बाईनं त्याआडून फक्त हात बाहेर काढायचा. आज छबुबाईनं जावेला मागं बसवलं आणि आपलाच हात पडद्याबाहेर घातला.

बाबानं तांब्यातलं तीर्थ त्या हाताला चोळलं आणि डोळे फिरवले.

"लई जुनं इख हाय माय! सुरी लावली, देवी कोपली! पर आज मुळासकट उपटतो!"

वरून निवळी ओतली. परातीत पिवळंधमक पाणी पडलं. गर्दीनं जयजयकार केला.

पडदा सारून छबुबाई सरळ ओसरीवर आली. देशमुखांची सून चारचौघांत उघड्या तोंडानं उभी राहिलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली.

"हात माजा हुता, बाबा. मी ठणठणीत हाय. मंग ही कावीळ कुणाची काढली?"

बाबा गडबडला. "लपलेली असती, आक्का. दिसत न्हाई."

दोन-चार शहाण्यांनी यावरही माना डोलावल्या!

"भावजी, हात आणा," छबुबाई म्हणाली. तिनं मोहनरावाच्या एका हातावर नुसती निवळी ओतली. पाणी स्वच्छ. दुसऱ्याला आधी तीर्थ चोळलं, मग निवळी ओतली. पाणी पिवळं.

"ह्या तांब्यात आंब्याच्या सालीचं पाणी हाय. चुना लागला की पिवळं हुतंया. आपल्याच मळ्यातल्या आंब्याची साल ह्यो सोलून नेतो. मी सकाळी माडीवरून बघितलं, आन् सालीच्या पाण्यात चुना घालून बी बघितला."

लोक परातीकडे बघत राहिले तेवढ्यात बाबा गर्दीतून पसार झाला. तांब्या मात्र राहिला.

त्याच दिवशी गाडी जुंपली. हैदराबादला मडम डॉक्टरनं पोट चाचपलं आणि विचारलं, "पिवळेपण कधी आलं?"

"दोन म्हैने झाले," मोहनराव पुटपुटला.

जोडापाशी गाठ धरली होती. "तेव्हा आणली असती तर वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण काही करून पाहता आलं असतं. आता हिची खाज आणि कळा कमी करेन, एवढंच."

मोहनराव ओक्साबोक्शी रडला. छबुबाईला त्याची दया आली नाही. बाबापेक्षा तिला त्याचाच राग आला, आणि तो रास्त होता.

बाबा काय, दुसऱ्या गावी दुसरा तांब्या घेऊन बसला असेल. तिथल्या लोकांनी एवढंच करावं: आधी एका धडधाकट माणसाचा हात त्याच्यापुढे धरावा. त्याचीही कावीळ निघाली, तर आपलं आजारी माणूस उचलून तडक दवाखान्यात न्यावं.