माझ्या पाठीवरची खडूची रेघ

मित्रांनो, वैनगंगेच्या पाण्याची आण घेऊन सांगतो, यातला एकही शब्द खोटा नाही. मी एक जुना डोंगा हाये, नदीतली लाकडी होडी. मोहाच्या एका खोडातून तुलारामनं मले कोरलं. एकदा पुरात आमच्या जाळ्यात नथ घातलेली मासोळी आली. हसू नका. तिनं तुलारामले रामराम केला, म्हणून त्यानं तिले सोडून देल्लं.

मंग गोसीखुर्दचं धरण झालं, गाव पाण्यात गेलं. नव्या वस्तीत मी ट्रॅक्टरवर बसून आलो. इथं नदी नाही. तुलारामही गेला. त्याच्या बायकोनं, गीताबाईनं, मले घरामागच्या मोकळ्या सांदवाडीत एका कुशीवर उभं केलं. माझ्यामागं ती आंग धुवाची. पंधरा वर्षं मी तिचा आडोसा. कोणाले काही दिसलं नाही.

यंदा नातू विक्की नागपूरवरून आला. मोबाईलवर कोण्या बंगल्याची मागची बाग दाखवून राहिला होता. फरशी, हिरवी जाळी, वेलीचा मांडव, घरच्यांपुरती निवांत जागा. म्हणे, "आजी, इथं अशीच बाग करू, मंग आपल्याले कोणी पाहणार नाही."

"आता तरी कोण पाह्यते मले?" गीताबाई म्हणाली.

पोट्टा लय गोड बोले, म्हणून मले जास्तच शंका. टेप लावून त्यानं भिंत मोजली एकदा अन् मले तीनदा. कायले बाप्पा? मंग खेमराज सुतार आला. माझ्या पाठीवर मधोमध खडूची रेघ ओढून म्हणाला, कापलं का दोन बाक निघतीन. गीताबाईच्या हातातलं सूप थांबलं.

दुसऱ्या दिवशी खेमराज करवत घेऊन हजर. पण गीताबाई माझ्यामागं आंग धुवाले बसलेली. बाई आंग धुवून राहिली असताना सांदवाडीत माणूस कसा येईन? खेमराजनं ओसरीत चहा घेतला. दुसराही घेतला. मागून तांब्या ओतल्याचा आवाज सुरूच. नात प्रेरणा बादल्या भरून भरून थकली. दुपारी खेमराज म्हणाला, "विक्की, तुई आजी मगरीसारखी पाण्यातच राहते काय?"

विक्की दारातूनच बोलला, "आजी, निघ आता. ताप भरन."

"पह्यले करवत घरी जाऊ दे."

"जेवून सुरू करतो म्हणते तो."

"मंग मी बी जेवून पुन्हा बसते."

मंग विक्कीनं खेमराजले वापस पाठवलं.

आता फरशी झाली, मांडव झाला, जाळीही लागली. मी मात्र जागचा हललो नाही. खडूची रेघ कुठं गेली, कोणी विचारलं नाही. विक्की टेप घेऊन दिसला का मी अजूनही सावध होतो.

बरं, एक गोष्ट म्या बनवली. गीताबाई त्या दिवशी आंग धुवून नव्हती राहिली. तिचं लुगडं कोरडं होतं. सकाळपासून ती तांब्या तांब्या पाणी माझ्याच पाठीवर ओतत होती. डोंगा पाण्यात लोटाच्या आधी तुलाराम असंच ओते, लाकूड तडकू नये म्हणून.

जुन्या लाकडाले अधीमधी पाणी दाखवत जा, मित्रांनो.

अन् मासोळीची नथ मात्र खरी होती.