विंगेकडची नजर

कुजबुजबाईंना मोठ्यानं बोलताना कोणी कधी ऐकलंच नव्हतं. बावीस वर्षं रंगमंचाच्या कडेला, विंगेत, स्टुलावर बसून मांडीवर नाटकाची वही घ्यायची आणि विसरभोळ्या नटांना वाक्यं पुरवायची, हा त्यांचा धंदा. त्यात घसा असा काही बसला की घरी दूध उतू गेलं तरी बाई कुजबुजतच ओरडायच्या. कंपनीनं नाव ठेवलं ते चिकटलं. त्यांच्या नवऱ्यालाही सगळे आचारीच म्हणायचे. नाटकातला आचारी, बरं का! घरी बिचाऱ्याला चहासुद्धा धड जमत नव्हता.

नाटक जुनं आणि हसवून मुरकुंडी वळवणारं. राजकन्येला झोपेत चालायची सवय. एकदा ती चालत चालत स्वयंपाकघरात येते, पिठानं माखलेल्या आचाऱ्याला स्वप्नातला राजपुत्र समजते आणि त्याच्या गळ्यात पडते. तिन्ही अंक हाच घोळ. शेवटी ती जागी होते, तिला काही म्हणता काही आठवत नाही, आणि खऱ्या राजपुत्राशी लग्न करून मोकळी होते. आचारी पुन्हा पीठ मळायला बसतो आणि पडदा पडतो. लोक पोट धरून हसत बाहेर पडायचे. त्या आचाऱ्याचं पुढे काय झालं असेल, हे एकाच्याही मनात यायचं नाही. येईल कशाला? तिकीट हसायचं काढलेलं!

याच नाटकात कुजबुजबाईंचं जमलं. ती हकिगत त्यांनी शेजाऱ्यांना, जावयाला, दूध घालणाऱ्यालासुद्धा सांगून झाली होती. साठावा प्रयोग, दुसरा अंक. राजकन्येनं आचाऱ्याचा हात धरला, आता त्याचं वाक्य, आणि हा गप्प! मान वळवून सरळ विंगेत बघायला लागला. "मी वाक्य दिलं, पुन्हा दिलं, सहा वेळा दिलं. आणि हा बाबा आपला माझ्याकडे बघतोच आहे, बघतोच आहे!" महिन्याभरानं मेकअपच्या खोलीत बाईंनी धीर करून विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत होतात ना?" तो क्षणभर थांबला आणि "हो" म्हणाला. त्यानंतर चार महिन्यांत लग्न. हकिगत सांगताना आचारी शेजारी बसून हसायचा आणि म्हणायचा, "हिला विचारा, हिला सगळं पाठ."

एक्केचाळीस वर्षांचा संसार झाला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आचारी न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. ऑपरेशन नीट झालं, पण भूल उतरल्यावर माणूस कोणालाच ओळखेना. पोटच्या लेकीला त्यानं "नर्सबाई" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात होतं असं. दोन-चार दिवसांत जातं. त्यांच्याशी वाद घालू नका, बोलतील त्याला हो म्हणा." लेक रडकुंडीला आली. बाईंनी तिला धीर दिला. एकदा, फक्त एकदा यांनी मला ओळखावं, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं.

दुपारी लेक औषधं आणायला खाली गेली. आचाऱ्यानं डोळे उघडले, बाईंकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा खुलला की बाईंना वाटलं, ओळखलं!

"आलीस?" तो म्हणाला. "मला वाटलं, प्रयोग संपला की तू परस्पर घरी जाशील. राजकन्येचे कपडे कधी बदललेस?"

म्हणजे राजकन्या. जिनं ते काम करता करता एका व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि नाटक सोडलं, ती. बाईंना हसू आलं. बोलतोय नाटकातलं, बोलू दे. सवयीनं त्या मनातल्या मनात वही उलटायला लागल्या, कुठल्या अंकातलं हे? अख्खं नाटक त्यांना तोंडपाठ. पहिला अंक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. असलं वाक्य त्यात नव्हतंच. तेव्हा मात्र त्यांनी मनातली वही मिटली.

त्यानं त्यांचा हात धरला. "साठाव्या प्रयोगाला तू माझा हात धरलास ना, तेव्हा तुझ्याकडे बघून ते वाक्य मला म्हणवेना. ते माझ्यासाठी नाटकातलं राहिलंच नव्हतं. तिथेच सगळ्यांसमोर रडलो असतो गं. म्हणून तोंड फिरवलं. विंगेत काय, अंधार. आणि ती एक बिचारी, वाक्य देतेय आपली, देतेय."

बिचारी! बाईंना कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"मग तुझं लग्न ठरलं," तो म्हणाला, "आणि तिनं विचारलं, माझ्याकडे बघत होतात ना? काय सांगणार? म्हटलं, हो. वाईट नाही गं ती. फार चांगली आहे."

चांगली आहे म्हणे! एक्केचाळीस वर्षं याचं हवं-नको बघितलं, याच्या तापात उशाशी बसल्या, याची लेक वाढवली, आणि ही एवढीशी शाबासकी. बाईंना इतका राग आला की हात झिडकारून म्हणावं, अहो, डोळे फाडून बघा, मी आहे मी! तोंड उघडलंही त्यांनी. पण तो त्यांच्याकडे बघत होता. लग्नात, लेक झाली तेव्हा, कधीही त्यानं असं पाहिलं नव्हतं. आणि ही नजर बाईंना हवी होती हो, जन्मभर हवी होती.

"एकदाच सांग," तो म्हणाला, "तुलाही तसंच वाटत होतं ना?"

बाई कुजबुजल्या, "वाटत होतं. अगदी पहिल्या दिवसापासून."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं त्यांचा तळहात गालाखाली घेतला आणि तो झोपून गेला.

पुढचे दोन दिवस असेच गेले. सांगायला लाज वाटावी असंच होतं ते. बाई सकाळी केस जरा जास्तच नीट विंचरायला लागल्या. लेक खोलीत असली की कधी एकदा बाहेर जाते असं त्यांना व्हायचं. तो बोलायचा, त्या ऐकायच्या, आणि त्या राजकन्येच्या वाटचं सगळं आपण घ्यायच्या. डॉक्टर येऊन "आज सुधारणा आहे" म्हणाले की बाईंना ते नकोसं व्हायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आचाऱ्यानं लेकीला नावानं हाक मारली. मग बाईंकडे वळून म्हणाला, "अगं, तू कधीची बसलीयस इथे? माझा चष्मा कुठे ठेवलास?"

तोच नेहमीचा आवाज. त्यात वाईट काही नव्हतं, कधीच नव्हतं. बाईंनी चष्मा पुसून त्याच्या हातात दिला.

"मी काही बरळलो का गं?" त्यानं विचारलं.

"नाटकातलं बोलत होतात."

"कुठे चुकलो नाही ना?"

"नाही. एक शब्दही नाही."

"मग ठीक," असं म्हणून त्यानं चहा मागितला.

बाई चहा आणायला म्हणून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मागून धावत येऊन लेकीनं त्यांना मिठीच मारली. "आई, बाबांनी ओळखलं तुला! माझा तर जीव भांड्यात पडला." मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "अगं, वेडी का काय तू? आता कशाला रडतेस?"

"ओळखलं ना त्यांनी मला," बाई म्हणाल्या, "म्हणून."