बसवेशचा सुटलेला ताल

बसवेश गेल्यावर काही महिन्यांनी त्याच्या रॉक बँडच्या दौऱ्याची फिल्म तयार झाली. त्याच कार्यक्रमांचा लाइव्ह अल्बमही निघणार होता. गिटार वाजवणारा रुद्रेश लॅपटॉप घेऊन अणदूरला बसवेशच्या आईकडे, उमाबाईंकडे आला. लेकाला ड्रम वाजवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

फिल्ममध्ये बसवेश गाडीत झोपला होता, नळदुर्गच्या ढाब्यावर शेंगाचटणी मागत होता, हैदराबादच्या गर्दीपुढं घामानं निथळत हसत होता. उमाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

शेवटच्या गाण्यात त्याचा हात मागं पडला. ताल सुटला, मग त्यानं तो कसाबसा पकडला.

"त्या दिवशी त्याला लई ताप होता, काकू," रुद्रेश म्हणाला. "आमी नको म्हणलो, त्यानं ऐकलं न्हाय. सकाळी दवाखान्यातच न्यावं लागलं." त्यानं फिल्म थांबवली. "अल्बमसाठी पुण्याचा एक ड्रमवाला ह्या गाण्याचे ड्रम नव्यानं वाजवून देतो म्हणतोय. पण तुम्हाला विचारल्याबिगर करायचं न्हाय, असं ठरवलंय."

"शेवटपर्यंत वाजवलं ना माझ्या बसूनं?"

"व्हय, काकू."

"मग दुसऱ्याचा हात लावू नका त्याला."

रुद्रेशनं मान डोलावली. लॅपटॉप मिटताना उमाबाईंनी हळूच विचारलं, "कपाळाला हात लावून बघितला व्हता का रं त्याच्या कुणी?"

"म्या बघितला, काकू. लई पोळत होतं."

तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं.

अल्बम तसाच निघाला. ते गाणं बँडनं पुन्हा कधी कुठल्या कार्यक्रमात वाजवलं नाही.