दालनात आमेन म्हणायचं नाही

आमदार लँड्रमने टोमेकाला फोनवर गोड आवाजात बजावलं होतं, "माणसं आणा, खुशाल आणा. पण शिस्तीत. तुमच्या चर्चमधला आरडाओरडा इथे नको. नीट बोललात तर मी अजून काही ठरवलेलं नाही."

लँड्रम त्यांच्याच भागातून निवडून आलेला. समितीत त्याचं एक मत फिरलं असतं तर विधेयक तिथेच आडवं झालं असतं. म्हणून टोमेकाने कोंबड्यांच्या कारखान्यातला रोज बुडवला, चर्चची बस भरली आणि बुधवारी सगळ्यांना घेऊन राज्याची राजधानी गाठली. बसमध्ये तिने प्रत्येकाकडून वचन घेतलं की आत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

विधेयक दिसायला साधं होतं. मतदानाच्या दिवसाआधी रविवारी जे मतदान चालायचं ते बंद, आणि रांगेतल्या माणसाला पाणी दिलं तर गुन्हा. काळ्या माणसाचं नाव त्यात कुठेही नव्हतं, लिहिणारे काही दूधखुळे नव्हते. पण रविवारची प्रार्थना आटोपली की ठेवणीतल्या टोप्या घालून, बसमध्ये गात गात थेट मतदान केंद्रावर कोण जातं, हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या राज्यातलं शेंबडं पोरही सांगेल. टोमेकाला आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात मान वर करायला सवड नसे. रविवार गेला की तिचं मतही गेलं.

समितीच्या दालनात, लोकांचं म्हणणं ऐकायला बसलेल्या अध्यक्षाने सुरुवातीलाच दम भरला. "टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. आवाज आला की सगळ्यांना बाहेर काढीन." दारात पहारेकरी आधीच येऊन उभे होते. एवढे पहारेकरी कशाला, हे टोमेकाला तेव्हाच खटकलं, पण तेवढ्यात तिचा बोलायचा नंबर आला.

ती बोलायला लागली आणि दोनच वाक्यांत अडखळली. समोरून कुणी हूं की चूं करेना. जन्मभर ती चर्चमध्ये बोलत आली होती. तिथे नुसतं शनिवारी मासे तळणार आहोत असं सांगितलं तरी चार बाजूंनी "होय गं बाई!" येतं, आणि त्याच जोरावर माणूस पुढचं वाक्य बोलतो. इथे तिचीच माणसं तिच्याच सांगण्यावरून मूग गिळून बसली होती. समितीतला एकजण मोबाइल चाळत होता. लँड्रम नखं बघत होता. टोमेकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिची नजर पहिल्या रांगेतल्या लुएटामावशीकडे गेली आणि हातातला कागद तिने बाजूला ठेवला.

"ही माझी मावशी. ऐंशी ओलांडलीय तिने. मागच्या खेपेला सकाळपासून उन्हात उभी होती, पाय सुजेपर्यंत. मी तिला पाणी दिलं. आता त्यासाठी मला तुरुंगात टाकणार का?"

"सांग, पोरी!"

लुएटामावशीच्या तोंडून ते निघून गेलं. आपण बोललो हे तिला स्वतःलाही कळलं नसावं. पण मागून कुणीतरी "आमेन!" म्हणालं आणि मग सगळं दालनच "खरंय!", "बोल, बाई!" म्हणू लागलं. टोमेकाला आता कुठे कंठ फुटला होता, तेवढ्यात अध्यक्षाने हातोडा आपटला आणि माइक बंद झाला. पहारेकऱ्यांनी सगळ्यांना गुरांसारखं बाहेर हाकललं. आतल्या आत मतं पडली. विधेयक एका मताने पुढे सरकलं.

लँड्रम बाहेर आला तो चेहरा पाडून. नाटकीपणा कुणी त्याच्याकडून शिकावा. "काय हो हे, टोमेका! मी तुमच्याच बाजूने मत देणार होतो. पण असा धिंगाणा झाल्यावर काय करू? या आजीबाई गप्प बसल्या असत्या तर..."

लुएटामावशीने रुमाल तोंडावर दाबला. क्षणभर टोमेकालाही मावशीचा असा राग आला की काहीतरी लागेलसं बोलावं. मग तिला ते दारातले पहारेकरी आठवले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंड सांभाळा, लँड्रम. तुम्ही आमचा आवाज निघायचीच वाट बघत होतात. दर निवडणुकीला आमच्या चर्चमध्ये येता, बोटं चाटून आमचे मासे खाता, आणि आम्ही आमेन म्हटल्याशिवाय तुमचं भाषण पुढे सरकत नाही. तिथे गोड लागतं, होय?"

"मतदान पुढच्या मंगळवारी पूर्ण सभागृहात आहे," लँड्रम थंडपणे म्हणाला. "तिथे तुम्हाला बोलायचं नाहीये. बरं झालं."

परतीच्या बसमध्ये शिधोऱ्या तशाच राहिल्या. लुएटामावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती, रुमाल अजून तोंडावरच. "मीच बुडवलं गं तुझं," एवढंच एकदा म्हणाली. टोमेकाने समजूत काढली, ती मावशीच्या कानापर्यंतही पोचली नाही.

त्यांच्या भागाची हद्द लागली तेव्हा सांज झाली होती. रस्त्याकडेच्या एका चर्चमध्ये दिवे दिसले. बुधवार होता, म्हणजे बायबल वाचायला माणसं जमलेली असणार. आणि पुढे घरापर्यंत अशी कितीतरी चर्चं होती, सगळी लँड्रमच्याच मतदारांची, आणि मंगळवारच्या मतदानाला अजून अवकाश होता.

"थांबव," टोमेका ड्रायव्हरला म्हणाली.

तिथल्या पास्टरांनी तिला ओळख विचारून बोलायला उभं केलं. तिने विधेयक सांगितलं, अध्यक्षाचा हातोडा सांगितला, लँड्रम काय म्हणाला ते शब्दन् शब्द सांगितलं. अनोळखी माणसं "हे देवा!", "शरम नाही यांना!" म्हणत होती. पण तिची मावशी मागच्या बाकावर तोंड दाबून बसली होती, आणि ते टोमेकाला बघवेना. ती बोलता बोलता थांबली.

"लुएटामावशी, त्यांनी माझा माइक बंद केला, तुझं तोंड नाही. तू आमेन म्हटल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. म्हातारीने रुमाल खाली घेतला, बाकाला धरून उठली.

"आमेन म्हणेन सावकाश," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आधी त्या मेल्या लँड्रमचा फोन नंबर सांग यांना."